अडचण जाहिरातीची नाही
लिनक्स या विंडोजला पर्याय असलेल्या फुकट संगणकप्रणालीवरच्या लेखातलं ‘लिनक्स मागे पडलं ते केवळ जाहिरात नाही म्हणून’ हे विधान अजिबात पटलं नाही. कॅनॉनिकल या कंपनीने 2005 ते 2011 या काळात उबुंटू या आपल्या लिनक्स-प्रकाराच्या सीडी जगभर फुकट घरपोच पाठवल्या. याहून मोठी प्रसिद्धी कोणती? तरी डेस्कटॉपवर विंडोजच राहिलं, कारण नवा संगणक बहुधा विंडोज घेऊनच येतो आणि ते बदलायच्या भानगडीत फारसं कुणी पडत नाही. उलट अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सचाच कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, आहे. तो घराघरांत पोचला, कारण फोनमध्ये आधीच घातलेला होता; त्याचं नावही बहुतेकांच्या गावी नसतं.

ओळखीतल्या कितीतरी जणांना मी लिनक्स मिंट हा लिनक्सचा आणखी एक प्रकार घालून दिलाय. सुरुवातीला सगळे खूश असतात. मग कुणाचा प्रिंटर पानं छापतो, पण त्याच यंत्रातला स्कॅनर दिसतच नाही. मदत मागावी, तर ‘आधी मॅन्युअल वाचा’ असं तुटक उत्तर मिळतं. असा माणूस विंडोजकडे परततो आणि जाता जाता आणखी चौघांना बिचकवतो. वापरणारे वाढले की हार्डवेअर कंपन्या ड्रायव्हर (प्रिंटर-स्कॅनरसारखी यंत्रं चालवणारं सॉफ्टवेअर) द्यायला तयार होतात, हा प्रसिद्धीचा फायदा मला मान्य आहे. पण आलेला माणूस टिकला तरच ना!