नवे पॅड टाकल्यावर ब्रेक खाली जातोय? ‘आपोआप बसेल’ म्हणून गाडी चालवू नका

‘गॅरेजवाले हे सांगणार नाहीत’ असा एक मेसेज सध्या कोल्हापुरातल्या ग्रुपांवर फिरतोय. म्हणे, नवे पॅड टाकल्यावर ब्रेक खाली जात असेल तर 500 किलोमीटर चालवा, आपोआप बसेल. आवाज आला तर पॅडवर दोन थेंब ऑईल सोडा. ब्रेक ऑईल काठोकाठ भरा. घाटात न्यूट्रल टाका, पॅड वाचतात. मेहुण्यानं तोच मला पाठवून विचारलं, “दाजी, असंच असतंय न्हवं?” त्याच्या गाडीचा ब्रेक खाली जातोय आणि रविवारी पोरांना घेऊन आंबा घाट उतरायचा बेत आहे!

यात खरं आहे ते एवढंच : नवा पॅड आणि डिस्क (चाकासोबत फिरणारी, पॅड जिला दाबतो ती चकती) एकमेकांना नीट लागेपर्यंत, साधारण पहिले 200-300 किलोमीटर, पकड थोडी कमी वाटते. पण तेव्हाही पेडल घट्टच लागतं. पेडल मऊ लागणं किंवा खाली जाणं, हा पॅड बसण्याचा प्रकारच नव्हे.

नवा पॅड जाड असतो, म्हणून बसवताना कॅलिपरचा (पॅड धरून डिस्कवर दाबणाऱ्या भागाचा) पिस्टन मागे ढकलतात. त्यामुळं पहिल्यांदा पाय दिला की पेडल तळाला जातं. गाडी हलवण्याआधी, उभ्या जागी, ते घट्ट होईपर्यंत पंप करायचं असतं. एवढं करूनही स्पंजासारखं लागलं तर लाईनीत, म्हणजे ब्रेक ऑईलच्या नळीत, हवा आहे. ऑईल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. 500 काय, 5000 किलोमीटर चालवली तरी ती हवा निघत नाही. ती काढावी लागते : एकानं पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं कॅलिपरवरचं निपल (हवा काढायचा छोटा स्क्रू) सैल करायचं, पारदर्शक नळीतून बुडबुडे बाहेर येतात. निपल घट्ट झाल्याशिवाय पाय उचलायचा नाही, नाहीतर हवा परत आत. बुडबुडे थांबेपर्यंत हेच. आणि पाय ठेवल्या ठेवल्या पेडल हळूहळू खाली सरकत असेल तर गळती किंवा मास्टर सिलेंडर (पेडल दाबलं की ऑईल लाईनीत ढकलणारा पंप) बघा.

हे घाटात जास्त का नडतं, तेही ऐका. अमेरिकेच्या 116 क्रमांकाच्या सुरक्षा मानकानुसार डॉट 4 या प्रतीचं ब्रेक ऑईल नवं असताना किमान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये. ऑईल जुनं होत जातं तसं हवेतला ओलावा शोषतं, आणि अशा ऑईलसाठी हीच अट 155 अंशांवर येते. जुनं ऑईल तापलेल्या ब्रेकवर उकळलं की लाईनीत वाफ होते आणि पेडल तळाला जातं. म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलायचं.

पॅडवर ऑईल? ज्याच्या घासण्यावर गाडी थांबते, त्यालाच तुम्ही गुळगुळीत करताय! असा पॅड फेकूनच द्यावा लागतो. शिवाय एकाच चाकाच्या पॅडला लागलं तर ब्रेक मारताच गाडी एका बाजूला ओढते. आवाज येतो तो बहुतेकदा पॅडच्या क्लिप-शिम (पॅडमागची पातळ पत्री) नीट न बसल्यानं किंवा कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या स्लाईड पिन कोरड्या पडल्यानं. सिलिकॉन ग्रीस लागतं ते त्या पिनांना.

काठोकाठ ऑईलचं म्हणाल तर पिस्टन मागे गेला की पातळी आपणच वर येते. जास्तीचं सांडलं तर रंग उडवतं. ऑईलच्या डबीवरची ‘मॅक्स’ची रेघ उगाच नसते.

राहिलं न्यूट्रल. त्यानं इंजिनाची अडवणूक जाते आणि सगळा भार त्याच पॅडांवर येतो. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरा. काहीजण वर इंजिनही बंद करतात. मग बूस्टरमधली (पेडलला इंजिनाच्या ओढीनं जोर देणाऱ्या भागातली) ओढ दोन-तीन दाबांतच संपते आणि पेडल दगडासारखं कडक होतं.