पाच लाखांचं कार्ड आणि पाच रुपयांचं अंडं

आमच्या नगरच्या नातेवाईकांच्या ग्रुपवर (अहिल्यानगर म्हणायचं आता, माझी जीभ अजून वळत नाही) अधूनमधून एकच भांडण पेटतं. मामा म्हणतो सरकारने पाच लाखांच्या उपचाराचं कार्ड दिलं, शिवभोजन दिलं, लाडकी बहीण दिली, अजून किती फुकट द्यायचं लोकांना, आळशी होतील. त्यावर चुलतभाऊ म्हणतो इंग्लंडमध्ये बघ, सगळा दवाखाना फुकट, तिथे कोण आळशी झालं? आणि मग दोघंही मला टॅग करतात, कारण मी इंग्लंडात लेस्टरला राहते, फार्मसीच्या काउंटरमागे उभी असते, म्हणजे निकाल मीच द्यायचा. तर देते, पण दोघांनाही आवडेल असं वाटत नाही.

आधी भावाचं बघू. एनएचएस, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा, ही खरंच मोठी गोष्ट आहे, ५ जुलै १९४८ ला सुरू झाली, युद्धाने पार कंगाल झालेल्या देशात. आजही बायपास झाली तरी पेशंट बिल न बघता घरी जातो आणि हे मला इतकी वर्षं इथे राहूनही भारी वाटतं. पण "सगळं फुकट" हे काही खरं नाही. माझ्यासारखी व्हिसावर येणारी माणसं आधीच वर्षाला १०३५ पौंड हेल्थ सरचार्ज भरून येतात, कर वेगळा. आणि इंग्लंडमध्ये औषधाला पैसे पडतात, चिठ्ठीवरच्या प्रत्येक औषधाला ९.९० पौंड, म्हणजे अकराशे-बाराशे रुपये, तीन औषधं लिहिली की तीनदा. स्कॉटलंड, वेल्स, नॉर्दर्न आयर्लंडमध्ये हे माफ आहे, इथे नाही. लहान मुलं, साठीच्या पुढचे, गरोदर बायका, बऱ्याचशा बेनिफिटवर (म्हणजे सरकारी भत्त्यावर) असलेले लोक यांना माफी आहे. डायबेटिसची औषधं चालू असलेल्यांनाही आहे पण दम्याच्या पेशंटला नाही, का तर ती आजारांची यादी १९६८ साली केलेली आणि त्यानंतर तिला फारसा कुणी हात लावलेला नाही (कॅन्सर २००९ मध्ये घातला तेवढा).

मग काय होतं, तर गोडाऊनमध्ये राबणारा, बेनिफिटच्या रेषेच्या जरासाच वर असलेला माणूस चिठ्ठी पुढे करतो आणि हळूच विचारतो की यातलं कुठलं नाही घेतलं तर चालेल. हा प्रश्न इंग्लंडातल्या कुठल्याही फार्मसीवाल्याला विचारा, त्याने ऐकलेला असतो. दम्याचा पेशंट लगेच आराम देणारा निळा इनहेलर नेतो आणि रोज घ्यायचा, अटॅक येऊच नये म्हणून असलेला, तो ठेवून जातो. मग एका रात्री अॅम्ब्युलन्समधून इमर्जन्सीत, आणि तिथे मात्र सगळं फुकट! दहा पौंड वाचवायला सरकार हजार घालवतं, इंग्रज माणूसही शेवटी आपल्यासारखाच.

जेवणाचं तर विचारूच नका. ट्रसेल नावाच्या संस्थेची पहिली फूड बँक, म्हणजे गरजूंना फुकट शिधा देणारं केंद्र, सन २००० मध्ये सॉल्झबरीत सुरू झाली, आणि २०२४-२५ या एका वर्षात त्यांच्या केंद्रांनी २९ लाखांच्या आसपास पार्सलं वाटली. जगातल्या पहिल्या सहा-सात अर्थव्यवस्थांत मोडणारा देश बरं का हा. पार्सल म्हणजे साधारण तीन दिवसांचा शिधा, टिनमधले बीन्स, पास्ता, टिनमधला टोमॅटो, बिस्किटं, टिकाऊ दूध. ज्यांना गॅस-विजेचंही बिल परवडत नाही त्यांच्यासाठी काही ठिकाणी "केटल बॉक्स" असतो, म्हणजे नुसतं उकळतं पाणी ओतून खाता येईल असं सामान. शुगरच्या माणसाला मी काउंटरवरून सांगते भाज्या वाढवा, मैदा कमी करा, आणि तो तिथून जाऊन पास्त्याची पाकिटं आणतो. माझा सल्ला चुकीचा नाही, त्याचाही इलाज नाही. व्हिसावरच्या पोरांना तर बहुतेक सरकारी बेनिफिट बंदच, व्हिसावर तसं लिहिलेलंच असतं. आपली मराठी पोरंही महिनाअखेरीला गुरुद्वारात लंगरला जेवतात आणि घरी व्हिडिओ कॉलवर सांगतात "हो आई, जेवलो".

म्हणजे भावा, फुकट दवाखाना असून लोक आजारी पडतातच, कारण आजार दवाखान्यात तयार होत नाही.

आता मामा. पाच लाखांचं कार्ड चांगलंच आहे, माझ्या मावशीचं ऑपरेशन त्यावरच झालं. पण ते चालतं अॅडमिट झाल्यावर, यादीतल्या उपचाराला. बीपीची रोजची गोळी, तालुक्याला जायचं एसटीभाडं, बुडालेली मजुरी यांना ते चालत नाही. ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून सगळं मोफत केलं तेही छानच केलं, पण तिथे औषध शिल्लक असलं तर! आणि पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी निघाली आणि निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय, ५४ टक्के. हे कुठल्या कार्डावर बसवायचं?

बरं, हे आपल्या जिल्ह्याला कुणी नव्याने शिकवायची गरजच नाही. १९७० मध्ये रजनीकांत आणि मेबल आरोळे जामखेडला आले. डॉक्टर दोघंही. लोकांना विचारलं काय पाहिजे, तर लोक म्हणाले अन्न आणि पाणी, औषधाचं नंतर बघू, दुष्काळाचे दिवस होते. तर त्यांनी मुलांच्या जेवणापासून आणि बोअरवेलपासून सुरुवात केली आणि गावातल्याच बायका, बऱ्याचशा निरक्षर, त्यांना शिकवून आरोग्य सेविका केलं. जगभरचे लोक ते बघायला जामखेडला येत राहिले, १९७९ ला मॅगसेसे मिळालं. पुढे गडचिरोलीत बंग दाम्पत्याने गावातल्या बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली, बालमृत्यू कमी झाले, १९९९ ला ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि नंतर तेच काम देशभरच्या आशा सेविकांकडे गेलं.

आणि आपण काय केलं, तर नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं सुरू केलं, न खाणाऱ्याला केळं, एका अंड्याला पाच रुपये धरले होते, आणि जानेवारी २०२५ मध्ये सरकारने त्याचा निधी काढून घेतला. अंडं द्यायचं तर शाळांनी लोकसहभागातून द्या म्हणे. ज्या गावात अंड्याची सगळ्यात जास्त गरज तिथेच वर्गणी सगळ्यात कमी जमणार, हे कळायला मंत्रालय लागत नाही. इथेही २०२० मध्ये सरकार सुट्टीत गरीब मुलांना जेवणाची व्हाउचरं द्यायला नको म्हणत होतं, मार्कस रॅशफर्ड या फुटबॉलपटूने इतका धुरळा उडवला की सरकारला एकाच वर्षात दोनदा माघार घ्यावी लागली. आपल्याकडे एखाद्या क्रिकेटरने अंड्यावर तोंड उघडलेलं मी तरी बघितलं नाही, उघडलं असतं तर व्हेज-नॉनव्हेजवरून ट्रोलच झाला असता बिचारा.

मनाच्या आजाराचं ग्रुपवर निघालं की मामाचं ठरलेलं, "ही पैसेवाल्यांची थेरं". इंग्लंडात २००८ पासून टॉकिंग थेरपी, म्हणजे बोलून करायचे उपचार, आहे, स्वतःच नाव नोंदवता येतं, फुकट, रांग असते ती असतेच. पण पासष्टीची गुजराती बा किंवा आपल्याकडची काकू "मला डिप्रेशन आहे" असं म्हणत नाही हो, ती म्हणते झोप नाही, छातीत भरून येतं, आणि इंग्लिशमधला फॉर्म बघून परत जाते. गोव्यातल्या संगाथ संस्थेने हे फार आधी ओळखलं. डॉक्टर नसलेल्या साध्या माणसांना शिकवून त्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रात समुपदेशनाला बसवलं, त्याचा अभ्यास २०१० ला लॅन्सेटमध्ये आला, आणि नंतर त्याच धर्तीवर विदर्भात अमरावती जिल्ह्यातल्या गावांतही काम झालं. कर्जाने खचलेल्या शेतकऱ्याशी आधी त्याच्याच बोलीत कुणीतरी बोलायला हवं ना, सायकियाट्रिस्ट लागला तर पुढे आहेच.

आणि गंमत बघा. लंडनच्या पिम्लिको भागात २०२१ पासून आरोग्य सेविका घरोघर फिरतात, एकेकीकडे सव्वाशेच्या आसपास घरं, महिन्यातून एक फेरी, कुणी आजारी असो नसो. लस घेतली का, घरात ओल आहे का, खायला आहे का, एकटं वाटतं का, सगळं एकाच माणसाने एकाच चहाच्या कपावर विचारायचं. ही कल्पना त्यांनी ब्राझीलकडून घेतली आणि इथल्या पेपरांनी तिचं कौतुक केलं, करायलाच हवं. पण आपल्याकडे ही बाई प्रत्येक गावात आहे! आशाताई आहे, अंगणवाडीताई आहे. फरक एवढाच की पिम्लिकोतली नोकरीवर आहे आणि आपली "स्वयंसेविका", मानधन आणि कामागणिक पैसे, तेही कधी येतील ते येतील. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा सत्कार केला, आणि २०२४ च्या सुरुवातीला आपल्या आशा मानधनाच्या जीआरसाठी आझाद मैदानात बसलेल्या.

मामा विचारणार पैसा कुठून आणायचा. अंड्यांचा वर्षाचा खर्च पन्नासेक कोटी असल्याचं तेव्हा बातम्यांत होतं, लाडकी बहीण जाहीर झाली तेव्हा वर्षाला ४६ हजार कोटींचा अंदाज सांगितलेला. मी लाडक्या बहिणीच्या विरोधात नाही, त्या पंधराशेतून कितीतरी घरांत डाळ आणि दूध येतं आणि ते कुणाला हात न पसरता येतं. पण ज्या तिजोरीतून हे निघालं तिच्यातून पन्नास कोटी निघत नव्हते हे मला कुणी पटवून देऊ नये. माझ्या हातात असतं तर नवं कार्ड, नवी योजना काहीच काढलं नसतं, आधी अंडं परत ताटात, मग आशा आणि सेविकांना महिन्याच्या ठरलेल्या तारखेला ठरलेला पगार, आणि त्यांच्या बॅगेत बीपीच्या गोळ्या, ज्या संपल्या की दुसऱ्या दिवशी मिळतील. रुग्णालयाच्या नव्या इमारतीची कोनशिला त्यानंतर बसवा, फोटोसकट.