पणज्याची दुर्बीण आणि वजा चौदाशे बारा

विकिपीडियावरचं बाबलचं वाक्य उडालं हे दुपारीच जेटीपर्यंत पोचलं होतं, त्यामुळे संध्याकाळी कट्ट्यावर कुणी कुणाला काय झालं म्हणून विचारलं नाही. आबा जांभ्याच्या कट्ट्यावर आपल्या ठरलेल्या जागी बसून वाघोटनच्या खाडीकडे बघत एकच घोकत होते, "कोण तो मेलो? माका त्येचा नाव सांग."

"आबानू, थय एक कोण मालक नसता," बाबल म्हणाला.

"मालक नाय, तर पुसल्यान कोणी?"

बाबलने मोबाइल पुढे धरला. विकिपीडियावरचं विजयदुर्गाचं पान, त्यात 'इतिहास पहा' उघडलेलं. खाली बाबलची नोंद, तारीख, वेळ. तिच्या वर दुसऱ्या कुणाची तरी, आणि तिच्यापुढे कंसात लाल आकडा: (−१,४१२). शेजारी दोनच शब्द, 'संदर्भ नाही'. आबांनी चष्मा नाकावर सरकवला, आकडा दोनदा वाचला आणि ताडकन उभे राहिले.

"चवदाशे बारा? दंड मारल्यानी तुका? लिवल्याचो दंड?"

"भर आता," बंड्या म्हणाला. "नायतर व्याज चढात."

ते पैसे नव्हेत, बाइट आहेत, म्हणजे संगणकातलं मजकुराचं माप, देवनागरीच्या एकेका अक्षराला आणि काना-मात्रेलाही तीन-तीन बाइट लागतात, म्हणून पाचशेच्या आतबाहेर अक्षरं-मात्रा गेल्या तरी आकडा एवढा दिसतो, हे बाबलने नीट समजावून सांगितलं. आबांनी ते ऐकलं नाही. आबा सहसा ऐकत नाहीत. त्यांच्या हिशेबाने या पंचक्रोशीत जे जे घडलं ते त्यांच्या घराण्याच्या साक्षीनेच घडलं. शिवाजी महाराज किल्ल्यावर आले तेव्हा पाणी त्यांच्याच विहिरीचं दिलं होतं, असं मी गेली वीस वर्षं ऐकतो आहे.

तेवढ्यात सुमनताई वाचनालयाला कुलूप लावून आल्या. पडेलची एसटी यायला वेळ होता. त्यांनी पिशवी कट्ट्यावर ठेवली आणि म्हणाल्या, "वाच बघू, काय लिहिलं होतंस."

बाबलने वाचलं. १८ ऑगस्ट १८६८ रोजी नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने किल्ल्यावरच्या साहेबाच्या ओट्यांवरून खग्रास ग्रहण बघितलं, हेलियमचा शोध लावला, आणि त्याची दुर्बीण डोक्यावरून वर नेण्यात आबांच्या पणज्याचा सिंहाचा वाटा होता.

"सिंहाचो," आबांनी बोट वर केलं. "माझ्या आज्यान स्वता सांगलेला माका."

"लॉकियर त्या दिवशी हिंदुस्थानातच नव्हता, आबा," सुमनताई म्हणाल्या. "इंग्लंडात होता. २० ऑक्टोबरला त्याने तिथूनच, ग्रहण नसताना, सूर्याच्या कडेचा वर्णपट बघितला आणि हेलियमची ती पिवळी रेघ टिपली. १८ ऑगस्टला आपल्याकडे गुंटूरला होता तो जान्सेन, फ्रेंच माणूस. दोघांची पत्रं पॅरिसच्या अकादमीत एकाच दिवशी पोचली. लॉकियर हिंदुस्थानात आला तो १८७१च्या डिसेंबरातल्या ग्रहणाला, आणि तोही केरळात, बेकलच्या किल्ल्यावर."

कट्टा गप्प झाला. टपरीवरचा चहा उतू गेला तेवढा आवाज झाला.

"मगे ओटे कोणी घातल्यान? माझ्या आजयेन?"

"कुणी घातले ते तुम्हाला दाखवता येत नाही, मलाही नाही. ग्रहणाचा पट्टा आपल्यावरून गेला होता. ऑगस्टातल्या ढगांतून सूर्य दिसेल या आशेने कुणी साहेब येऊन बसलाही असेल. पण तो लॉकियर होता असं लिहायचं, तर कुणी, कुठे, कशावरून लिहिलंय ते खाली द्यावं लागतं."

"पेपरात येता की दर वर्सा!" बंड्या म्हणाला. "किल्ल्यार हेलियम दिन नाय करत आपण?"

"येतं ना. मग तसंच लिही. गावात असं मानतात, अमुक तारखेच्या पेपरात आलंय. आणि शेजारी लॉकियरच्या तारखाही लिही, त्यांच्या संदर्भासकट. वाचणारा काय ते ठरवील. तटस्थ राहायचं म्हणजे आणखी काय वेगळं असतं?"

"म्हंजे माझो पणजो खोटो," आबा म्हणाले. आवाज खाली आला होता.

"पणज्यांना कुणी खोटं म्हटलेलं नाही. आबा, बंड्याच्या वडिलांशी गडग्याचं भांडण झालं तेव्हा ते म्हणाले होते, माझ्या बापाने सांगितलंय की हद्द फणसापर्यंत आहे. तुम्ही काय म्हणालात?"

आबा बोलले नाहीत. मीच म्हणालो, कारण मी तिथे होतो. "सात-बारा दाखव म्हणाले."

"तोंडी नको, कागद दाखव. बरोबर बोललात. विकिपीडिया तेच बोलतोय, तर तो मेला?"

माझा हात आपोआप मांडीवर पडला. गेला महिनाभर हे बाबलला समजावण्याचा मी प्रयत्न करत होतो आणि मला ते इतकं सोपं करून सांगता आलं नव्हतं. पडताळण्याजोगं असावं, मूळ संशोधन नको, असल्या शब्दांनी माणूस बिचकतो. सात-बारा म्हटला की कोकणातल्या माणसाला दुसरं काही सांगावं लागत नाही.

पण गडग्याचं नाव निघालं आणि चर्चेचा घोडा सुटला. "ते दगड तुझ्या बापाशीन हलवल्यान," आबा बंड्यावर उलटले. "रात्री हलवल्यान, मी सकाळी परत लावलंय. परत हलवल्यान, परत लावलंय. तीनदा!"

"इंग्रजी विकिपीडियावर चोवीस तासांत तीनपेक्षा जास्त वेळा उलटवलंत तर तुम्हा दोघांनाही बंदी," सुमनताई म्हणाल्या. "दगड सोडून चर्चा पानावर या म्हणतात. तिथे म्हणणं मांडायचं आणि खाली सही करायची, चार लाटा काढून."

"लाटा?" बंड्याने विचारलं. त्याचा गॉगल सूर्य बुडाल्यावरही डोळ्यांवरच होता. बाबलने त्याला कळफलकावरचं ते लाटेसारखं चिन्ह दाखवलं. चार वेळा उमटवलं की जतन करताना तिथे आपलं नाव आणि वेळ आपोआप येते.

"माका सही नको. माझ्या होमस्टेचा पान उडवल्यानी त्येचा सांग. जगप्रसिद्ध लिवलेलंय, निसर्गरम्य लिवलेलंय, फोन नंबर दिलेलंय. चूक खय झाली?"

"बंड्या, आपलं लग्न आपणच लावायचं नसतं, भटजी दुसरा लागतो," सुमनताई म्हणाल्या. "तुझा ज्याच्याशी काही संबंध नाही अशा कुणी तुझ्याबद्दल सविस्तर लिहिलंय का कुठे? दोन खोल्या आणि एक झोपाळा एवढ्यावर ज्ञानकोशात पान होत नाही. आणि फोटो तारकर्लीचा लावला होतास. तोही दुसऱ्याने काढलेला. निदान समुद्र तरी आपला लावायचास, स्वतः काढून."

आबा एवढे हसले की त्यांना ठसका लागला. बंड्या फुरंगटून टपरीवर गेला आणि सगळ्यांसाठी चहा सांगून आला. हा त्याचा गुण मानला पाहिजे.

मला या सगळ्यात एक गोष्ट मनापासून सलते. आपल्याकडच्या कितीतरी गावांची मराठी पानं दोन-तीन ओळींत संपतात. अमुक हे सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एक गाव आहे, बस. बंदर नाही, गावऱ्हाटी नाही, दशावतार नाही. मराठी विकिपीडिया २००३च्या १ मे रोजी सुरू झाला. इतक्या वर्षांत आपण घरच्या गोष्टी घरातच ठेवल्या, त्या छापल्या नाहीत, आणि आता दुसऱ्याने संदर्भ मागितला की आपल्याला राग येतो. आबांच्या आज्याची गोष्ट मला हवी आहे. ती आधी कुणीतरी नीट विचारून, नावगाव घालून, कुठेतरी छापली पाहिजे. मी त्यांना तसं म्हणालोही. आबा म्हणाले, "ये उद्या. पण पयलो चाय."

"नवीन माणसाने थेट पानात हात घालू नये," सुमनताई बाबलला सांगत होत्या. "आधी धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर लिही. चुकलं तर चुकलं."

"धुळपाटी?" आबा वळले. "माझो बापूस धुळपाटयेर शिकलो. बोटान लिवायचा, हातान पुसायचा. थय पण तसाच आसा?"

"नाव तेच आहे."

तेव्हापासून आबांचा विकिपीडियावरचा राग थोडा उतरला. सुमनताईंनी १८८०चं रत्नागिरी-सावंतवाडीचं गॅझेटियर बाबलच्या मोबाइलवर आधीच पाठवलं होतं. त्यांनी पान काढून दिलं, बाबलने अंगठ्याने टाइप केलं: फेब्रुवारी १७५६मध्ये वॉटसनचं आरमार आणि क्लाइव्हची फौज यांनी तुळाजी आंग्र्यांकडचा हा किल्ला घेतला, इंग्रज त्याला घेरिया म्हणत. 'म्हणत' की 'म्हणायचे' यावर दहा मिनिटं गेली. जुना किल्ला हरल्याचीच गोष्ट पहिली का लिहायची यावर आणखी पाच. मग संदर्भ जोडला, पृष्ठ क्रमांक घातला, धूळपाटीवर एकदा बघितलं आणि तिथून पानात नेलं.

एसटीचे दिवे वळणावर दिसले. सुमनताईंनी पिशवी उचलली. बाबलने परत 'इतिहास पहा' उघडलं आणि या खेपेला मोबाइल थेट आबांच्या नाकाशी नेला. हिरवा आकडा होता: (+४१२).

आबांनी मनातल्या मनात वजाबाकी केली.

"बरा. हजार रवले," ते म्हणाले. "ते बंड्याकडसून घे. गडग्याचे."