सीडी वाजत नाही? वेगाला बोल लावू नका

‘बर्न केलेली ऑडिओ सीडी प्लेअरवर वाजत नसेल, तर एकपट वेगानेच (गाणं वाजतं त्याच वेगाने) बर्न करा. “म्युझिक” छापलेलीच कोरी सीडी घ्या. एमपीथ्रीचं आधी वेव्ह (न दाबलेली ध्वनिफाइल) करा, आवाज सुधारतो. नक्कल हवी असेल तर सीडीवर दिसणाऱ्या सीडीए फाइली कॉपी करा.’ हा सल्ला अजूनही फिरतोय.

वेगाचा मुद्दा एके काळी खरा होता. संगणक मागे पडला, बफर (लिहिण्याआधी डेटा साठवणारी ड्राइव्हची मेमरी) रिकामा झाला, की लिहिणं मध्येच तुटायचं आणि सीडी वाया जायची. २००० च्या सुमारास सान्योचं बर्न-प्रूफ तंत्र आलं, तशीच इतरांचीही आली, आणि ते दुखणं गेलं. आताच्या सीडी-आरवरचा (एकदाच लिहिता येणाऱ्या सीडीवरचा) डायचा थर, ज्यावर लेझर लिहितो, जास्त वेगाला धरूनच बनवतात; कित्येक ड्राइव्ह एकपट वेग देतही नाहीत. ५२ पटीची घाईही नको म्हणा. १६ पट पुरे.

‘म्युझिक’ सीडी लागते ती टेपडेकसारख्या स्वतंत्र ऑडिओ रेकॉर्डरला. संगणकाच्या ड्राइव्हला तिचं काही पडलेलं नसतं.

एमपीथ्री करताना जे गाळलं गेलं, ते वेव्ह केल्याने परत येत नाही. शिवाय बर्निंगचा प्रोग्रॅम हे रूपांतर स्वतःच करतो: सेकंदाला ४४,१०० नमुने, १६ बिट, दोन चॅनल. म्हणून तर फाइली कितीही छोट्या असल्या तरी ऑडिओ सीडीत ८० मिनिटांचंच गाणं मावतं.

सीडीएचा सल्ला मात्र निव्वळ फसवा. विंडोजमध्ये त्या फाइलीचा आकार बघा: ४४ बाइट! त्यात फक्त ट्रॅकचा क्रमांक, सुरुवात आणि लांबी. गाणं हवं तर सीडी रिप करावी लागते, म्हणजे प्रोग्रॅमने सीडीवरचा आवाज वाचून त्याची फाइल बनवावी लागते.

पण याच फाइली निदानाला कामी येतात. न वाजणारी सीडी विंडोजमध्ये उघडा. ‘ट्रॅक०१’ अशा सीडीए फाइली दिसल्या तर ती ऑडिओ सीडी. एमपीथ्री दिसल्या तर तुम्ही डेटा सीडी बनवलीय. संगणक दोन्ही वाजवतो, जुना प्लेअर फक्त ऑडिओ सीडी. बहुतेक वेळा घोळ इथेच असतो. ऑडिओ असूनही अडत असेल तर सीडी फायनलाइज झाली का, म्हणजे बर्न संपल्यावर ती बंद केली गेली का, ते बघा. सीडी-आरडब्ल्यू (पुसून पुन्हा लिहिता येणारी) असेल तर ती प्रकाश फारच कमी परावर्तित करते, जुन्या लेन्सला ती वाचता येत नाही. त्याच गाण्यांची सीडी-आर करून बघा. आणि तीच सीडी दुसऱ्या प्लेअरवर बिनतक्रार वाजत असेल, तर नवी बर्न करण्याआधी पहिल्याची लेन्स पुसा.