ठकी, हातोडी आणि फोटोतले माप

माझ्या शबनम पिशवीत गेली सहा वर्षे एक लाकडी ठकी असते. उंची २२ सेंटिमीटर, म्हणजे माझ्या हाताची बरोबर एक वीत. लाल लुगडे, हिरवी चोळी, कपाळावर आडवी चिरी. रंगवणाऱ्याने एक डोळा किंचित वर आणि दुसरा किंचित खाली काढल्यामुळे ती नेहमी कशाचा तरी संशय आल्यासारखी पाहते. कोठेही गेलो की मी तिला दगडावर, बांधावर, एसटीच्या खिडकीत किंवा नदीच्या वाळूत उभी करतो आणि तिचा फोटो काढतो. साठी उलटलेल्या माणसाने भर रस्त्यात गुडघे टेकून बाहुलीचे फोटो काढावेत, याचे लोकांना काय वाटते ते मला चांगले ठाऊक आहे. आज मात्र लिहायचे आहे ते प्रवासात बाहुल्यांचे फोटो काढणाऱ्या माझ्याच भाऊबंदांविषयी, कारण त्यांच्यातल्या अनेकांशी माझे एका मुद्द्यावर पटत नाही. माझे म्हणणे असे, की फोटोत बाहुलीचे लहानपण लपवू नये.

कोल्हापुरात तीस वर्षे मी भूगर्भशास्त्र शिकवले. या विषयात मापाशिवाय खडकाचा फोटो काढणे हा जवळजवळ गुन्हाच समजला जातो. दगडाच्या फोटोवरून दगडाचा आकार कळत नाही. तळहाताएवढ्या तुकड्यातली घडी आणि अख्ख्या डोंगराच्या कुशीतली घडी कागदावर सारखीच दिसते. म्हणून चौकटीत हातोडी, पेन, नाणे, लेन्सचे झाकण असे काहीतरी ठेवायचे आणि काहीच हाताशी नसेल तर एखादा विद्यार्थी उभा करायचा. ‘माप कोठे आहे?’ हा शेरा मी मुलांच्या जर्नलांवर लाल शाईने इतक्यांदा लिहिला, की माझ्या पाठीमागे माझे नावच ‘माप’ पडले होते.

निवृत्तीनंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात सावंतवाडीला गेलो. पुतण्याच्या मुलीसाठी चितारआळीत ही ठकी घेतली आणि परतताना आंबोली घाट चढून वरच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, थांबलो. रस्त्याच्या कामासाठी जांभा नुकताच कापला होता आणि त्या ओल्या, तांबड्या छेदात पोकळ्यांची सुरेख जाळी उघडी पडली होती. कॅमेरा काढला, वाकलो आणि लक्षात आले, की हातोडी घरीच राहिली आहे. पेनही गाडीत होते. पिशवीत हात घातला तो ठकीच्या कागदी पुडीला लागला. पुडी सोडली, तिला त्या छेदाला टेकवून उभी केली आणि फोटो काढला.

घरी येऊन पाहिले तेव्हा तो फोटो माझ्या आजवरच्या हातोडीच्या फोटोंहून निराळा वाटला. हातोडी ठेवली की आपण खडक मोजतो. ठकी ठेवली की आपण नकळत तिच्या जागी जाऊन उभे राहतो, आणि मग जांभ्यातले बोटभर भोक गुहेच्या तोंडासारखे वाटू लागते. तरीही ते बोटभरच आहे, हेही त्याच क्षणी डोळ्यांना कळत असते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कळणे हेच मला बाहुलीच्या फोटोचे सारे सुख वाटते. पुतण्याच्या मुलीला मी नंतर त्याच आळीतली लाकडी फळांची टोपली पाठवली. ठकी माझ्याकडेच राहिली.

या मतावर ठाम होण्यापूर्वी मी स्वतःच उलट दिशेने एक उद्योग करून पाहिला होता, तोही सांगतो. हंपीला विठ्ठल मंदिराच्या आवारात जो दगडी रथ आहे, तो पन्नास रुपयांच्या नव्या निळसर नोटेवर आल्यापासून तेथे आलेली निम्मी माणसे नोट समोर धरून दोन रथ जुळवत उभी असतात. ते पाहून मलाही हुक्की आली. हिशेब सोपा होता. बाईची उंची १६५ सेंटिमीटर धरली तर ती ठकीच्या साडेसातपट होते. म्हणजे रथ कॅमेऱ्यापासून २० मीटरवर असेल तर ठकीला साधारण २.७ मीटरवर ठेवावे, म्हणजे ती रथाशेजारी उभ्या असलेल्या बाईएवढी दिसेल. भिंग जमिनीलगत नेले की मधली जमीन आकसून जाते आणि दोघांमधले अंतर डोळ्यांना सापडत नाही. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत ट्रायपॉड परवानगीशिवाय चालत नाही, म्हणून मी पावशेर मुगाची पुरचुंडी जवळ बाळगतो आणि तिच्यावर फोन टेकवतो. पंधरा-वीस प्रयत्नांनंतर चित्र जमले. ते येथेच टाकले तेव्हा तिघांनी वहिनींना नमस्कार सांगितला. सौ. तेव्हा कोल्हापुरात होती. तिने फोटो पाहिला आणि विचारले, “मी कधी एवढी ताठ उभी राहते का?”

फोटो गाजला खरा, पण मला तो आता बघवत नाही. त्यात ठकीची ठकी राहिली नाही, कोणीतरी एक पर्यटक बाई झाली. आणि रथाविषयी तर त्या फोटोने काहीच नवे सांगितले नाही. त्याच संध्याकाळी हेमकूट टेकडीवर काढलेला फोटो कोणाच्या फारसा लक्षात आला नाही, मला मात्र तोच आवडतो. तेथील ग्रॅनाइट सुमारे अडीच अब्ज वर्षांपूर्वीचा. भेगांवाटे पाणी शिरून, कोपरे झिजून त्याचे गोल गुंड झाले आहेत आणि त्यांचे वरचे थर कांद्याच्या सालीसारखे सुटतात. अशा एका सुटलेल्या पापुद्र्याच्या सावलीला ठकी बसली आहे, तिच्या खांद्यामागे चिरीहून थोडे मोठे गुलाबी स्फटिक चमकत आहेत आणि वर, चौकटीत न मावणारा दगड आहे. त्या फोटोत हंपी आहे. तेथे जाऊन दगडाला पाठ टेकून बसलेल्या कोणालाही ते पटेल.

बाहुलीला माणूस करून दाखवण्याचे कसब मी कमी लेखत नाही. जुन्या सिनेमातली माणसे छोट्या प्रतिकृतींवर अख्खी शहरे उभी करत, त्यामागे हेच गणित होते. पण गंमत अशी, की ज्या बाहुलीने हा छंद जगभर पसरवण्यास मोठा हातभार लावला, ती माणूस वाटण्याची मुळी शक्यताच नव्हती. ब्लाइथ ही बाहुली केनर या अमेरिकी कंपनीने १९७२ साली बाजारात आणली. जवळजवळ माझ्या ठकीच्याच जातीची उंची, २८ सेंटिमीटर. पण डोके शरीराच्या मानाने प्रचंड आणि डोक्यामागची दोरी ओढली की डोळ्यांचा रंग बदलतो, असे चार रंग. मुलांना ती रुचली नाही आणि वर्षभरात बंद पडली. पुढे न्यूयॉर्कच्या जीना गॅरन यांनी तिला ठिकठिकाणी नेऊन फोटो काढले, त्यांचे पुस्तक २००० साली निघाले आणि दुसऱ्याच वर्षी जपानमध्ये ब्लाइथ नव्याने तयार होऊ लागली. मला वाटते, त्या फोटोंची खुमारी त्या भल्यामोठ्या डोक्यात होती. ती बाहुली आहे हे कोठेही लपत नाही, आणि तरीही ती तेथे आलेली आहे. जपानी भाषेत कापडी खेळण्यांच्या अशा फोटोंना ‘नुईदोरी’ असा स्वतंत्र शब्दच आहे. तिकडे उपाहारगृहात ताटाशेजारी अस्वल ठेवून फोटो काढणाऱ्याकडे कोणी वळून पाहत नसावे, असा माझा आपला समज आहे.

लहानपण लपवायचे म्हटले तरी निसर्ग ते पुरते लपवू देत नाही. लुगड्याचे सूत जाड दिसते, वाळूचे कण खड्यांएवढे होतात आणि पाण्याला तर लहान करताच येत नाही. एका जुलैत पुन्हा आंबोलीला गेलो असताना कातळावर ठकी उभी केली आणि सर आली. तीन मिलिमीटरचा एक थेंब तिच्या कपाळावर येऊन बसला, फुटला नाही, नुसता थरथरत राहिला. ठकीच्या मापाने तो थेंब म्हणजे आपल्या कपाळावर मोठ्या करवंदाएवढा पाण्याचा गोळा. बाहुली माणूस वाटावी म्हणून धडपडणारा माझ्यासारखाच कोणी गृहस्थ असता तर त्याने तो थेंब रुमालाने टिपला असता. मी पालथा पडलो, फोन उलटा धरला (उलटा धरला की भिंग खाली जाऊन जमिनीला जवळजवळ टेकते, ही युक्ती ज्यांना ठाऊक नसेल त्यांनी अवश्य करून पाहावी) आणि त्या थेंबात उलटे पडलेले आभाळ पकडले. फोनमधली पार्श्वभूमी धूसर करणारी सोय अशा वेळी बंद ठेवावी, कारण बाहुलीची कड कोठे संपते ते तिला नीट समजत नाही आणि ती पदराचा कोपराच पुसून टाकते.

त्या दिवशी कातळावर गेंद फुलला होता, सीतेची आसवे होती आणि दोन्ही जेमतेम ठकीच्या कमरेपर्यंत पोहोचत होती. तीस वर्षे मी अशा सड्यांवरून मुलांना घेऊन फिरलो, पण मला ही फुले कायम वरून दिसली, जांभळ्या-पांढऱ्या शिडकाव्यासारखी. बाजूने, देठासकट, ती मला ठकीमुळे दिसली. मात्र चांगल्या कोनाच्या मोहापायी फुलांत बसकण मारणाऱ्यांना माझा विरोध आहे. वीतभर बाहुलीला उभे राहण्यापुरती उघडी कातळपट्टी कोठेही मिळते. मिळाली नाही तर फोटो सोडून द्यावा.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे सांभाळावी लागते, ती जपानी किंवा अमेरिकी छांदिष्टांना सुचणारही नाही. आपल्याकडे बाहुली म्हणजे केवळ खेळणे नव्हे. नव्या बांधकामावर काळी बाहुली टांगतात, लिंबू-मिरचीबरोबर ती गाडीला बांधतात, आणि तिठ्यावर पडलेली बाहुली ओलांडून जायला भलेभले कचरतात. हे सारे ठाऊक असूनही कुडाळजवळच्या एका गावात मी तिठ्यावरच्या वडाच्या पारावर ठकी ठेवली आणि झाड पूर्ण चौकटीत यावे म्हणून चाळीस पावले मागे गेलो. लाल लुगडे, वड, तिठा आणि दिवस नेमका अमावास्येचा. तिथीकडे माझे लक्षच नव्हते. डोळा फोनमधून काढला तेव्हा दोन बायका आणि एक मोटारसायकलवाला पारापासून अंतर राखून उभे होते आणि कोणीही पुढे पाऊल टाकत नव्हते. मी धावत गेलो, माफी मागितली, काढलेले फोटो दाखवले. त्यांतल्या वयस्क बाईंनी ठकी हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाल्या, “आदी सांगूक नको?” मग थोड्या वेळाने, “अशीच बावली माका बापाशीन हाडल्यान होती.” तेव्हापासून गावात मी आधी माणसांना ठकी दाखवतो, मग ती खाली ठेवतो, आणि तिला एकटी सोडून दोन पावलांपलीकडे जात नाही. झाड चौकटीत मावले नाही तर न मावो.

सगळ्यात जास्त फोटो निघोजचे आहेत. कुकडी नदीच्या पात्रातल्या बेसॉल्टमध्ये भोवऱ्यात सापडलेल्या गोट्यांनी घुसळून घुसळून रांजणखळगे कोरले आहेत. त्यांचे मापाशिवाय काढलेले फोटो विमानातून टिपलेल्या एखाद्या अफाट घळीसारखे दिसतात, आणि बरेच जण ते हौसेने तसेच दाखवतात. मी ठकीला एका खळग्याच्या ओठावर उभी केली होती. वाऱ्याची झुळूक आली आणि ती आत पडली. लाकडाची असल्यामुळे बुडाली नाही. हिरव्या पाण्यावर उताणी पडून, त्याच संशयी डोळ्यांनी आभाळाकडे पाहत हळूहळू गोल फिरू लागली. छत्रीच्या मुठीने तिला बाहेर काढीपर्यंत नाकाचा टवका उडाला होता. चितारआळीत पुन्हा गेलो तेव्हा दुकानदाराने दोन मिनिटांत रंगवून देतो म्हटले, पण मी नको म्हटले.

गेल्या दिवाळीत पुतण्याची मुलगी घरी आली. आता ती दहा वर्षांची आहे आणि ठकी मुळात तिची होती, हे तिला कोणीतरी सांगितले आहे. ती मागून घेईल या भीतीने मी जरा सावधच होतो. तिने ठकीला आपल्या वितीने मोजले; ती दीड वीत भरली. मग तिने निघोजचा तो फोटो संगणकावर लावायला सांगितला, पडद्यावर पेन्सिल आडवी धरून ठकीची उंची घेतली, तीच पेन्सिल खळग्याच्या तोंडावरून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरकवली आणि म्हणाली, “सव्वातीन ठक्या.” निघोजला टेप लावून मी तो खळगा मोजला होता. ७२ सेंटिमीटर.