उलोस परत द्यायचा, पण कोणाच्या हाती?

आमच्या शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर वाघनखांचा वाद अजून मिटलेला नाही. 2024 च्या जुलैत ती लंडनहून साताऱ्यात आली, तीही तीन वर्षांच्या बोलीवर. मग ती महाराजांचीच कशावरून, उसनी का आणली, कायमची का नाही, असं चालूच असतं. मी राहते नेदरलँड्समध्ये, लायडनला. इथेही परत देण्याघेण्याचाच विषय गाजतोय. पण इथे ऐकलेली एक गोष्ट आमच्या ग्रुपवर कोणी काढतच नाही: वस्तू देशात आली, पुढे ती कोणाच्या हाती जायची?

उदाहरण घ्या उलोसचं. उत्तर सुमात्रात तोबा सरोवराभोवती राहणाऱ्या बाताक लोकांचं हे हातविणीचं कापड. आमच्या ऑफिसात सुमात्रातल्या मेदान शहराची एक बाताक मुलगी आहे. तिला पहिल्यांदा सातवा महिना लागला तेव्हा आईवडील तिकडून आले आणि त्यांनी तिच्या नि नवऱ्याच्या खांद्यांवरून मिळून एकच उलोस पांघरला. मला आपलं डोहाळजेवणच आठवलं. देणारं नेहमी मुलीचं माहेर. सासरकडून उलटा उलोस जात नाही. लग्नात उलोस, बाळाला उलोस, मेलेल्या माणसावर उलोस.

इथल्या एका संग्रहालयात मी रागिदुप पाहिला, उलोसमधला सगळ्यात मानाचा. पट्ट्या वेगवेगळ्या विणून जोडलेल्या, मधली गडद, तिच्या दोन्ही टोकांना पांढऱ्यावर बारीक नक्षी. एक टोक पुरुषाचं, दुसरं बाईचं. हे पांढरं टोक वरून शिवलेलं नसतं. विणता विणताच गडद ताण्याच्या जागी पांढरा ताणा बसवतात, तेही कमरेला बांधायच्या मागावर. मी काचेला नाक लावून सांधा शोधला. सापडला नाही.

अशी कापडं युरोपात आली ती बरीचशी जर्मन मिशनऱ्यांच्या आणि डच अधिकाऱ्यांच्या सामानातून. काही विकत घेतलेली, काही भेट मिळालेली. त्या काळात डच फौजा बाताक मुलूख जिंकत होत्या आणि 1907 मध्ये त्यांनी बाताकांचा राजा सिसिंगामंगाराजा बारावा याला ठार मारलं, म्हणजे त्या 'भेटी'ही कितपत मोकळ्या मनाच्या, देव जाणे. पण कागदावर ती लूट नाही. आणि इथलं धोरण आधी लूट बघतं. 2023 च्या जुलैत नेदरलँड्सने इंडोनेशिया आणि श्रीलंकेला मिळून 478 वस्तू परत द्यायचं जाहीर केलं. त्यात 1894 मध्ये लुटलेला लोंबोक बेटावरचा खजिना होता, जावातल्या जुन्या सिंगासारी राज्याच्या मूर्ती होत्या. सोनं, दगड, खंजीर. सरकार मागणार, सरकार देणार, आणि माल जाणार जकार्ताला.

माझ्या सहकारिणीला जकार्ताचं कौतुक नाही. तिच्या मते लायडनच्या काचेतून निघून जकार्ताच्या काचेत गेलेलं कापड तोबाच्या विणकरणीला होतं तितकंच लांब राहतं. मला हे पटतं. "खेड्यात कसर लागेल, दमट हवेत सडेल" हा आक्षेप मात्र मला आता ऐकवत नाही. जकार्ताच्या राष्ट्रीय संग्रहालयाला 2023 मध्ये आग लागली हे इथे आवर्जून सांगतात. 2025 च्या जानेवारीत इथल्याच आसेनच्या संग्रहालयातून रुमानियाचं उसनं आणलेलं सोन्याचं शिरस्त्राण स्फोट करून पळवलं, ते सांगताना आवाज खाली येतो.

इंडोनेशियाने 2014 मध्ये उलोसला राष्ट्रीय वारसा ठरवलं. पण बाजारात यंत्रावरचे स्वस्त उलोस ढिगाने येतात आणि हातमागावर पोट भरत नाही म्हणून मुली शिकत नाहीत. अशा वेळी जुनं कापड म्हणजे वीण कशी घालायची याचा हिशेबच. सँड्रा नीसेन या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी हे ओळखलं. बाताक कापडांवरचा त्यांचा जाडजूड ग्रंथ 2009 मध्ये निघाला आणि पुढच्या वर्षी त्याच्या प्रती घेऊन त्या स्वतः विणकरणींच्या गावांत गेल्या. सरकारी समारंभापेक्षा मला हे जास्त मोलाचं वाटतं.

आपल्याकडचं सांगायचं तर 1866 मध्ये फोर्ब्स वॉटसनने भारतीय कापडाचे 700 नमुने कापून 18 खंडांत चिकटवले. असे 20 संच झाले, 13 ब्रिटनमध्ये राहिले, 7 भारतात आले. हेतू उघड होता: गिरणीवाल्यांनी बघून तसं कापड काढावं. मी हे ग्रुपवर टाकलं. दोन अंगठे आले आणि गाडी पुन्हा वाघनखांवर. कापडासाठी कोणी मोर्चा काढत नाही, आणि ते विणणारेही ग्रुपवर नसतात.

इथल्या संग्रहालयांना सरकारी पत्राची वाट बघायची गरज नाही. तोबा सरोवरातल्या सामोसिर बेटावरच्या चार विणकरणींना भाड्याखर्चासकट बोलवावं, कापडं टेबलावर पसरावीत, त्यांना धागे मोजू द्यावेत, फोटो काढू द्यावेत. त्या सांगतील ती आधी पाठवावीत, जकार्ताला नव्हे, सरोवराकाठच्या बालिगेला. तिथे बाताक संग्रहालय आहे. तिथून एखादा उलोस लग्नात पांघरायला बाहेर गेला आणि त्यावर डुकराच्या रश्श्याचा डाग पडला, तरी माझी हरकत नाही.