विमान जमिनीवरच कसे ठेवावे

विमान कंपनी बुडायला इंधनाची दरवाढ लागते, हा गैरसमज आधी सोडा. धुके तर त्याहून बेभरवशाचे, दहा वाजले की विरते. खात्रीचे काम हवे असेल तर तुमचा मनुष्यबळ विभाग हाताशी आहेच.

शक्यतो सुरुवात लग्नाने करावी. २००७ मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्सचे लावले तसे. बोधचिन्ह आणि रंग आधी ठरवा. सेवाज्येष्ठता, पगार, बढती यांचे घोंगडे भिजत ठेवा. वैमानिकांच्या दोन संघटना, दोन पगार चालू द्या. चार वर्षांत फळ धरते. एप्रिल २०११ मध्ये पूर्वीच्या इंडियन एअरलाइन्सचे वैमानिक समान वेतनासाठी दहा दिवस संपावर गेले. मग समिती नेमा. न्या. धर्माधिकारी समितीचा अहवाल जानेवारी २०१२ मध्ये आला आणि मे महिन्यात वरपक्ष, म्हणजे मूळ एअर इंडियाचे वैमानिक, रुसला: नव्या ड्रीमलायनर विमानांचे प्रशिक्षण इंडियन एअरलाइन्सवाल्यांनाही का? खरा प्रश्न कमांडर, म्हणजे विमानाचा मुख्य वैमानिक, आधी कोण होणार, हा. तो पाच वर्षे तसाच ठेवल्यामुळे ५८ दिवसांचा संप मिळाला. पहिले ड्रीमलायनर सप्टेंबरात आले. बाजारात तुरी!

माणसे कमी पडली की आणखी काहींना काढावे. त्या संपात शंभरावर वैमानिक बडतर्फ झाले. मे २०२४ मध्ये एअर इंडिया एक्सप्रेसचे केबिन क्रू एकाएकी आजारी पडले, तेव्हा सुमारे २५ जणांना नारळ दिला आणि कामगार आयुक्तांसमोर बसून लगेच परत घेतले. आयुक्तांकडे आधीच जाता आले असते म्हणा, पण मग उड्डाणे रद्द कशी झाली असती?

फार लोक आजारी पडावे लागत नाहीत. १८० आसनांच्या विमानाला दर ५० आसनांमागे एक या हिशेबाने चार केबिन क्रू लागतात. तीनच आले की भरलेले विमान सुटत नाही. तेच विमान दिवसभरात पाच-सहा फेऱ्या मारणार असते. पहाटेची चुकली की दुपारच्या क्रूचे ड्युटीचे तास वाट पाहण्यातच संपतात. ए३२० चा वैमानिक रिकामा बसलेला दिसतो, पण ७३७ चे रेटिंग, म्हणजे ते विमान चालवण्याची परवानगी, नसेल तर त्याचा उपयोग प्रवाशांची समजूत काढण्यापुरता. म्हणून स्टँडबायवर माणसे ठेवू नयेत. फुकट पगार जातो.

नियमांची घाई करू नये. वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती ३६ वरून ४८ तास, रात्रीची लँडिंग सहावरून दोन, हे जानेवारी २०२४ मध्येच जाहीर झाले होते. पूर्ण अंमलबजावणीसाठी नोव्हेंबर २०२५ पर्यंत इंडिगोला वेळ होता. ५ डिसेंबरला एका दिवसात हजारावर उड्डाणे रद्द झाली. इतके कुठल्याही संघटनेला जमले नसते.

पगार थकवायचाच असेल तर देखभाल अभियंत्यांपासून आरंभ करावा, कारण त्यांच्या सहीशिवाय विमान सुटत नाही. किंगफिशरमध्ये अनेक महिन्यांचा पगार थकला, सप्टेंबर २०१२ अखेरीस अभियंत्यांनी काम थांबवले आणि २० ऑक्टोबरला परवाना निलंबित झाला. तेव्हापासून त्या कंपनीचे एकही विमान उशिरा सुटलेले नाही.